तळहातावरची खळी

जे बोट सगळ्यात वाकडं दिसतं त्याची मला कधी धास्ती वाटली नाही. काटकोनात मागे उभं राहिलेलं, बघणाऱ्याला घेरी आणणारं बोट बहुतेक वेळा दोन मिनिटांचं काम असतं. धास्ती वाटते ती सभ्य दिसणाऱ्या बोटाची. तर्जनी जराशी मागे झुकलेली, जराशी मधल्या बोटाकडे कललेली. सूज बेताची. रोगी खुर्चीत शांत बसलेला आणि सोबतचा माणूस सांगतोय, "लई काही नाही साहेब, जरासं सरकलंय." मग तळहात उलटा करावा, तर तर्जनीच्या मुळाशी कातडी आत ओढली जाऊन एक बारीक खळी पडलेली. ती दिसली की मी हात ॲप्रनच्या खिशात घालतो. हात मोकळे राहिले तर ते बोट धरून ओढायला जातात. इतक्या वर्षांनीही जातात.

आत काय झालेलं असतं ते इमॅन्युएल कापलन यांनी १९५७ साली नीट मांडलं. न्यूयॉर्कचे हे गृहस्थ. ड्यूशेनचा स्नायूंच्या हालचालींवरचा जाडजूड फ्रेंच ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणला होता, त्यामुळे हाताच्या एकेका स्नायूशी त्यांचा घरोबा. माणूस उघड्या हातावर पडतो, तर्जनी मागे उलटते आणि मेटाकार्पलचं, म्हणजे तळहातातल्या हाडाचं, गोल डोकं पुढून, तळहातात, घुसतं. तिथे एका अंगाला बोट वाकवणारे टेंडन, दुसऱ्या अंगाला लंब्रिकल हा बारीक स्नायू, वर आणि खाली तळहाताचे आडवे पट्टे. अशा चौकटीतून डोकं बाहेर येतं आणि मान चौकटीत राहते. आता बोट ओढा. टेंडन ताणले जातात, लंब्रिकल ताणला जातो आणि मान आवळली जाते. दावणीच्या जनावराच्या गळ्यातला सरकफास असतो, तसं. जितका हिसका, तितका फास.

पण खरी खोडी फासाची नाही, व्होलर प्लेटची आहे. सांध्याच्या पुढच्या अंगाची ही जाड, चिवट पट्टी मेटाकार्पलच्या बाजूने फाटते. बोटाच्या हाडाला मात्र चिकटून राहते. बोट मागे गेलं की तीही त्याच्याबरोबर मागे जाते आणि डोक्यावर आडवी पडून सांध्यात बसते. फास कापून मोकळा केला तरी ती तिथेच. दोन हाडं एकमेकांपुढे उभी, मध्ये ही पट्टी, आणि बाहेरून ओढणाऱ्याला तिचा पत्ताच नाही. अंगठ्याच्या बाबतीत एक सोय आहे. पट्टीतलं सेसमॉइड हे ज्वारीच्या दाण्याएवढं हाड एक्स-रेवर सांध्याच्या फटीत दिसलं, की पट्टी आत अडकली म्हणून समजावं. फाराबफ या फ्रेंच शरीररचनाकाराने १८७६ मध्येच अंगठ्याबद्दल लिहून ठेवलं होतं, की साधं निखळलेलं बोट चुकीच्या ओढण्यानेच गुंतागुंतीचं होतं. काटकोनात उभं असलेलं ते भयंकर बोट असतं ना, त्यात पट्टी अजून डोक्यावर लोंबत असते, आत शिरलेली नसते. कुणीतरी धीर करून ते सरळ ओढतो. बोट सरळ दिसायला लागतं, सगळ्यांना बरं वाटतं, आणि पट्टी आत गेलेली असते.

आमचं गाव उमरी म्हटलं की जुन्या लोकांना बँक आठवते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी १९४८ च्या जानेवारीत ती लुटली, त्याच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. मला मात्र उमरी म्हटलं की बोटं आठवतात. मोंढ्यातल्या हमालांची, पोती उचलून उचलून शेवटच्या पेराशी गाठाळलेली. कापसाच्या मोसमातली, नखाभोवती चिरा पडलेली बायकांची. कासरा हाताला गुंडाळून घ्यायची खोड असलेल्या गड्यांची. बैल बुजला की त्या वेढ्यात सापडलेलं बोट फक्त निखळत नाही, त्याची कातडीही सोलून निघते. आणि अलीकडची म्हणजे मोटारसायकलवाल्यांची. रस्त्याचं काम चाललेलं असतं, गिट्टी पसरलेली असते, गाडी घसरते, माणूस उघडा हात पुढे करून पडतो. कापलनच्या निबंधातला अपघात गोरठ्याच्या रस्त्यावर असा घडतो.

आणि इथे प्रत्येक माणूस बोट ओढणारा आहे. आई ओढते, मित्र ओढतो, कबड्डीचा पंच ओढतो, कंपाउंडर ओढतो. मग, "बसंना झालंय साहेब, तिघांनी ओढून बघितलं," असं म्हणत ते माझ्याकडे येतात आणि चौथा म्हणून माझ्याकडे अपेक्षेने बघतात. डिसेंबर २०२२ मध्ये मीरपूरच्या सामन्यात रोहित शर्माचा अंगठा स्लिपमध्ये निखळला, टाके पडले, आणि तरी तो नवव्या क्रमांकावर येऊन २८ चेंडूंत नाबाद ५१ धावा करून गेला. सामना पाच धावांनी गेला. पण पोरांच्या मनात बसलं ते एवढंच, की बोट निखळलं तर बसवायचं, टेप लावायची आणि खेळायचं. त्याच्या अंगठ्याला कुणी हात लावला आणि कसा, हे दूरदर्शनवर दिसत नाही.

ओढण्याचा हा सोस जुना आहे. हिप्पोक्रेटिसच्या सांध्यांवरच्या लेखनात ताडाच्या कोवळ्या पात्यांच्या विणलेल्या नळीचा उल्लेख आहे. बोटावर चढवायची आणि ओढायची. जितकी ओढावी तितकी ती बोटाला घट्ट धरते. आपला सुश्रुत त्या मानाने समतोल म्हणायचा. निखळलेल्या सांध्यांचे त्याने सहा प्रकार केले आणि उपाय सांगताना आंछन, पीडन, संक्षेप आणि बंधन असे चार सांगितले. ओढणं हे चारांतलं एक. वर आलेलं दाबा, खाली गेलेलं वर उचला, लांब गेलेलं ओढा, असं तो वेगवेगळं सांगतो. आम्ही मराठवाड्यातल्या लोकांनी त्यातलं पहिलं उचललं आणि उरलेले तीन वैद्यांच्या पुस्तकात ठेवून दिले. मी आयुर्वेदाचा भक्त नाही, पण पीडन हा शब्द मला आवडतो. बोटाच्या मुळाच्या या सांध्याला हवं असतं ते नेमकं तेच. मनगट वाकवून टेंडन सैल करायचे, बोट आधी आहे त्याहून मागे न्यायचं आणि बोटाच्या हाडाचं बूड मेटाकार्पलच्या पाठीवरून, डोक्याला घासत, पुढे ढकलायचं. ओढायचं अजिबात नाही. दोन हाडांच्या मध्ये फट पडली की पट्टी आत शिरलीच.

हे मला पोरवयापासून ठाऊक होतं असं नाही. आंबाजोगाईला शिकत असताना पुस्तकात होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण हाताचा अहंकार पुस्तकाचं ऐकत नाही. माझी गोष्ट सांगायची तर मला बोटं बसवायला आवडायची ती त्या आवाजासाठी. कट्. मधल्या पेराचं साधं निखळलेलं बोट, दाराशी गर्दी, कुणाच्या तरी कडेवरचं मूल टकमक बघतंय, मी रोग्याला गावातल्या पाऊसपाण्याचं विचारतोय, आणि त्याचं उत्तर अर्धं व्हायच्या आत कट्. तो ओरडायला तोंड उघडतो आणि बंद करतो. बाहेर कुजबुज होते. "हाताला गुण आहे." त्या एका वाक्यासाठी मी कितीतरी वेळा पैसे घेतले नाहीत, हे लोकांना माझं औदार्य वाटलं. खरं सांगायचं तर फुकट बसवलेल्या बोटाची कीर्ती एसटीने मुदखेडपर्यंत जाते आणि पैसे घेऊन बसवलेल्याची गल्लीच्या बाहेर जात नाही. भुलीचं इंजेक्शन देण्याचीही मला घाई नसायची. बधिर बोट बसवण्यात कसली आली मर्दुमकी?

त्या खळीवाल्या बोटाने मला कधी तो आवाज दिला नाही. म्हणून मला ते अधिक छळतं. बाकी सगळं काम आटोपलं, जेवण झालं, की मी अजूनही स्वतःच्या डाव्या तर्जनीचं मूळ उजव्या हाताने चाचपत बसतो. नस कुठून जाईल, लंब्रिकल कुठे असेल, पट्टी कुठे दुमडली असेल. बायको म्हणते, "जप चाललाय का?"

आमच्या भागात एक हाडवैद्य होते. त्यांचं नाव घेत नाही. घरच्यांना आवडणार नाही. गडी अंगाने किरकोळ, अंगठे मात्र लांब आणि पोटाकडून चपटे. माझं शिक्षण त्यांना कौतुकाचं वाटायचं आणि कीवही यायची. मी एक्स-रे बघतो म्हणून. ते डोळे मिटून बघायचे. हाताला तेल लावत लावत सांध्याच्या कडेने असे फिरायचे, की रोगी बोलता बोलता पेंगायचा आणि बोट केव्हा बसलं ते त्याला कळायचं नाही. आवाज नाही, गर्दी नाही. त्यांच्यासमोर मी कट् करून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर, बोट बसल्यावर वाजायला ते काय घुंगरू हाय का?" मला तेव्हा फार राग आला होता.

मला त्यांना मानायला लावणारी गोष्ट दुसरीच आहे. एकदा त्यांनी एक पोरगा माझ्याकडे पाठवला, चिठ्ठी नाही, फक्त निरोप. "ह्याच्या तळव्यात खड्डा पडलाय. हे माझं काम नाही." कापलनचं नाव त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. कोणाला हात लावायचा नाही हे ज्याला कळतं, त्याला मी हाडवैद्य म्हणून नाही, वैद्य म्हणून नमस्कार करीन. माझ्याच बिरादरीतल्या काहींबद्दल मला असं म्हणता येत नाही. एका मोठ्या गावातल्या, मोठ्या बोर्डाच्या दवाखान्यातून आलेल्या रोग्याच्या कागदावर मी वाचलंय: बोट बसवण्याचे अनेक प्रयत्न केले, यश आलं नाही. अनेक प्रयत्न! या सांध्यावर एकदा, हळूच, भूल देऊन, आणि तेही ढकलून. नाही गेलं तर उघडायचं. दुसऱ्या प्रयत्नात डोक्याची कूर्चा खरवडली जाते आणि ती पुन्हा उगवत नाही.

हाडवैद्य गेले. त्यांच्या मागे पट्ट्या बांधणारे आहेत, बांबूच्या कामट्या लावणारे आहेत, लेप देणारे आहेत. तेलंगणाकडे गाडी वळवली की रस्त्याच्या कडेला पुत्तूर कट्टूच्या, म्हणजे हाडं बांधणाऱ्यांच्या, पाट्या दिसतात. आमच्या सीमेवरचे रोगी तिकडूनही बांधून येतात. डोळे मिटून चाचपणारा मात्र राहिला नाही. आणि आता मोबाइलवर ती नवी जमात आलीय, जी माणसाच्या मानेजवळ माइक लावून कटकट आवाज ऐकवते आणि लाखो लोक ते बघतात. त्यांना नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळते. माझ्या तरुणपणी माइक असता तर मी तो वापरला नसता, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

तरुण डॉक्टरांबद्दल मात्र अडखळायचं कारण नाही. ते बोट बघायच्या आधी व्हॉट्सॲपवर फिल्मचा फोटो पाठवतात. फोटोही तिरका. मी विचारतो, "तळहात बघितला का?" पलीकडे शांतता. "सर, सीटी करून घेऊ का?" करा बाबा, पण आधी हात उलटा करा, त्याला पैसे पडत नाहीत. मधल्या पेराचंच एक प्रकरण सांगतो. कधी कधी ते पेर सरळ मागे न जाता पिळलं जातं. हाडाचं एका अंगाचं टोक बोट सरळ करणाऱ्या पट्ट्यांच्या मधल्या चिरेतून वर येतं आणि पट्ट्या त्याच्या दोन्ही बाजूंनी आवळतात. हेही ओढून बसत नाही. उलट घट्ट होतं. पण त्याची खूण फिल्मवर सगळ्यांसमोर असते: एकाच चित्रात बोटाचं एक हाड बरोबर बाजूने दिसतं आणि दुसरं तिरकं. एवढं बघितलं तर कळतं की ओढायचं नाही. मूळ आणि मधलं, दोन्ही पेरं वाकवून पट्टी सैल करायची, मग हलकेच पीळ सोडवायचा. मी ही फिल्म पोरांना दाखवतो. ते म्हणतात, "सर, टेक्निशियनने नीट काढली नाही."

आणि के-वायर. जे बसलं त्यात तार, जे बसलं नाही त्यात तार, ज्यात शंका आहे त्यात दोन तारा. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी याच तारांमधून आणि छोट्या छोट्या क्लॅम्पमधून बाहेरची अशी चौकट उभी केली, की मोडलेला, निखळलेला सांधा तिच्या ताणाखाली हलवत ठेवता येतो. जेस तिचं नाव. जगभर माहीत आहे. आणि तिच्याच देशात सांधा तारेने सहा आठवडे खिळून ठेवणारे लोक आहेत. मधल्या पेराचा सांधा सहा आठवडे खिळल्यावर पुढे काय होतं ते मी सांगायला नको. त्या बोटाने पुढे फक्त रस्ता दाखवता येतो. तसंही मधल्या पेराची सूज महिनोन्‌महिने जात नाही. अंगठी पुन्हा चढत नाही, हे मी बायकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो. नाहीतर दिवाळीला भांडण माझ्याशी होतं.

आता माझ्या अंगठ्याकडे येतो. तो झिजला. उजव्या अंगठ्याचा मुळाचा सांधा, मनगटाजवळचा. रोग्यांना मी फार वर्षं ऐटीत सांगत होतो: चिमटीच्या टोकाशी एक किलोचा जोर लावा, मुळाशी सुमारे बारा पट पडतो, कूनी आणि चाओ यांनी १९७७ मध्ये ते गणित मांडून दाखवलं. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे व्हायचे. आता कुलूप उघडताना, औषधाची बाटली उघडताना, आणि सगळ्यात जास्त म्हणजे बारीक हूक धरताना ते बारा पट माझ्या वाट्याला येतं. स्वतःचाच एक्स-रे दिव्यासमोर धरला तेव्हा मी चेहऱ्यावर कसलाही भाव येऊ दिला नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी.

साधी बोटं मी अजून बसवतो. ती आता अंगठ्याने नाही, दोन्ही तर्जन्या आडव्या धरून ढकलतो. आणि लाज वाटावी इतक्या कमी जोराने ती बसतात. मनगट वाकवलं, टेंडन सैल झाले, की हाड जवळपास आपलं आपण घरंगळतं. मग एवढी वर्षं मी जो हिसका देत होतो तो कुणासाठी होता? सांध्यासाठी तर नक्कीच नव्हता. कडेवरच्या त्या मुलासाठी असावा. आता आवाज येत नाही. एका म्हाताऱ्याने तर बोट बसल्यावर विचारलं, "कधी बसवणार?" मी म्हटलं, "बसलं, बाप्पा." त्याला पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या कुणाला तरी दाखवून आला.

पण खळीचं बोट उघडावं लागतं, आणि तिथे माझा आणि माझ्या विद्यार्थिनीचा वाद आहे. पोरगी भोकरकडची. नांदेडला असते. मी बोलावलं की येते, न बोलावता फोनवर भांडते. तिचा हात छोटा आहे, थंड आहे, आणि मत्सर वाटावा इतका स्थिर आहे.

कापलनने पुढून, तळहातातून जायला सांगितलं. मी आयुष्यभर पुढूनच गेलो. तिथे गंमत अशी, की मेटाकार्पलचं डोकं वर आल्यामुळे तर्जनीच्या बाहेरच्या अंगाची संवेदनेची नस त्याच्यावर ताणली जाऊन अगदी कातडीखाली येऊन बसलेली असते. नेहमी चरबीत खोल असणारी नस इथे पहिल्याच चिऱ्याच्या वाटेत असते. सुरी जरा जास्त आत गेली की तर्जनीच्या अर्ध्या टोकाला जन्मभर बधिरपणा. म्हणून चिरा नुसता कातडीपुरता द्यायचा. पाकळी सोलावी इतका उथळ. मग नस पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते, ती बाजूला घ्यायची, मग आडवा पट्टा कापायचा, मग फास सुटतो आणि शेवटी ती पट्टी हुकाने डोक्याच्या मागून ओढून पुढे आणायची. डोकं आत जातं, पट्टी आपल्या जागी येते, सगळं जिथल्या तिथे.

ही पोरगी मागून जाते. हाताच्या पाठीवरून. बेक्टन आणि त्याच्या सोबत्यांनी १९७५ मध्ये तो मार्ग मांडला. सांध्यावर सरळ चिरा, टेंडन मधोमध उभा फाकवला, की समोरच ती पट्टी, डोक्यावर चादर ओढल्यासारखी पडलेली. तिला उभी चिरायची. दोन्ही अर्धुकं आपसूक बाजूला सरकतात आणि डोकं मधून आत जातं. वाटेत नस नाही, काही नाही. डोक्याचा टवका उडाला असेल तर तोही याच बाजूने दिसतो.

"सर, नस नाहीच तिथं. मग कशाला जायचं पुढून?"

मी म्हणतो, चांगल्या पट्टीला उभी चीर का द्यायची? ती म्हणते, भरून येते. मी म्हणतो, मागून गेल्यावर फास दिसत नाही. ती म्हणते, फास बघायचा कशाला, खरी अडचण पट्टीची आहे हे तुम्हीच शिकवलंत. हे शेवटचं ती नेहमी हसत म्हणते आणि मी नेहमी विषय बदलतो. दोन्ही मार्गांनी बोटं चांगली होतात. छापलेलं तेच सांगतं, आमच्या दोघांच्या हाताखालून गेलेली बोटंही तेच सांगतात. मग मी कशासाठी भांडतो?

मला त्या नसेसाठी पुढून जायचं असतं. म्हणजे तिला वाचवायला नव्हे; मागून गेलं तर ती आपोआपच वाचते. मला ती दाखवायची असते. चौघं पोरं टेबलाभोवती वाकलेली, लूप लावलेले, आणि मी एका चिऱ्यात ती नस अलगद उघडी करतो, बारीक रबराच्या पट्टीवर उचलतो आणि क्षणभर काही बोलत नाही. एखादा म्हणतो, "अरे बाप रे." तो कट् आवाज माझ्या आयुष्यातून गेला असं मी समजत होतो. गेला नव्हता, त्याने ऑपरेशन थिएटरमध्ये कपडे बदलले होते. हे तिला मी सांगितलेलं नाही. बहुतेक तिला माहीत असावं.

एक मुद्दा मात्र माझा खरा आहे आणि तो मी सोडणार नाही. उशिरा आलेलं बोट. तीन आठवडे, सहा आठवडे कामट्यांमध्ये बांधून ठेवलेलं. त्यात दोन्ही बाजूंचे बंध आखडलेले असतात, पट्टी डोक्याला चिकटलेली असते, फासही वाळून कडक झालेला असतो. तिथे नुसतं मागून जाऊन चिरा दिला तरी पुढचा फास सोडत नाही. मागून आणि पुढून, दोन्हीकडून जावं लागतं. मराठवाड्यात बोट उशिराच येतं. सोयाबीन काढायचं असतं, मळणीयंत्राचा नंबर लागलेला असतो, ऊसतोडीचा मुकादम उचल देऊन बसलेला असतो. एका हाताने विळा धरता येतो. डाव्या तर्जनीसाठी गाडीभाडं कोण खर्च करणार? पुस्तकातले मार्ग ताज्या बोटांचे आहेत. आमच्याकडच्या बोटांना अर्ध्या महिन्याची तरी शिळवट असते.

असंच एक करंगळीचं प्रकरण आत्ता हातात आहे. करंगळीत फासाची घडण वेगळी. एका अंगाला तेच टेंडन, पण बाहेरच्या अंगाला लंब्रिकल नाही, करंगळी बाहेर नेणाऱ्या स्नायूचं टेंडन. बाई कापूस वेचणारी. हात बांधाच्या दगडावर पडला, घरच्यांनी ओढलं, कुणी तरी बांधलं, महिना गेला. "दुखत नाही आता, पण मूठ मिटंना गेलीय ओ," म्हणते. खळी अजून आहे. फक्त आता तिच्यात हळदीचा पिवळा राप बसलाय.

पोरगी म्हणते आधी मागून उघडू, लागलं तर पुढून. मी म्हणतो आधी पुढून, फास सोडवल्याशिवाय मागून हात घालण्यात अर्थ नाही. तिने फोनवर हळूच विचारलं, "सर, पुढचा चिरा कोण देणार?" मी म्हटलं, मीच देणार. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ठीक आहे, पण हूक मी धरते." हूक धरायला तिला दिला तर पट्टी ओढून आणण्याचं काम तिचं होतं आणि माझ्याकडे फक्त नस उरते. मी अजून हो म्हटलेलं नाही. भूलतज्ज्ञाची वेळ मंगळवारची मिळालीय, तोवर आमचं हे चालू राहील.